विलंबक, सदृश (गिटारसाठी)

विद्युत् गिटारमधून आलेला श्राव्य संकेत काही काळ अडवून धरून मूळ संकेताच्या मागोमाग पुन्हा ऐकविणाऱ्या आणि वादकाने पायाने चालू-बंद करावयाच्या छोट्या इलेक्ट्रॉनीय साधनास विलंबक म्हणतात. वादकांच्या बोलीत तो ‘डिले पेडल’ किंवा नुसता ‘इको’ असतो. संकेताचे अंकांत रूपांतर न करता तो विद्युत् भाराच्या रूपातच पुढे सरकविला जात असेल, तर विलंबक सदृश प्रकारचा होय. अंकीय विलंबकात संकेत संख्यांच्या रूपाने स्मृतीत साठविला जातो व ठरलेल्या वेळी वाचला जातो. प्रस्तुत नोंदीत सदृश विलंबकाचे कार्य, त्याचा अभिकल्प व लहान कर्मशाळेत करता येण्याजोगी बांधणी यांची माहिती दिली आहे.

निसर्गात विलंब हा अंतराचा परिणाम असतो. २५° से. तापमानाच्या हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सु. ३४६ मी. असतो. कोल्हापुरातील राजारामपुरीच्या मुख्य रस्त्यासारख्या सरळ रस्त्यावर उत्सवाच्या वेळी एकाच विवर्धकाला जोडलेले दोन कर्णे एकमेकांपासून ३५ मी. अंतरावर बांधले, तर पहिल्या कर्ण्याखाली उभ्या असलेल्या श्रोत्यास दुसऱ्या कर्ण्यातील तोच शब्द सु. एक दशांश सेकंद उशिरा ऐकू येतो. विलंब ५० मिलिसेकंदांहून पुष्कळ कमी असेल, तर कानाला दोन वेगळे ध्वनी जाणवत नाहीत, मूळ ध्वनीच भरीव वाटतो. त्याहून अधिक विलंब असल्यास तो प्रतिध्वनी म्हणून ओळखू येतो. ३०० मिलिसेकंदांचा प्रतिध्वनी भिंतीवरून मिळवावयाचा, तर ती भिंत वादकापासून सु. ५२ मी. दूर हवी. विजापूरच्या गोल घुमटात एका टाळीचे अनेक प्रतिध्वनी ऐकू येतात, ते त्या वास्तूच्या प्रचंड आकारामुळे. राजारामपुरीतील एखाद्या घराच्या माडीवर सराव करणाऱ्या वादकास अशी वास्तू मिळणे शक्य नाही. विलंबक हे अंतर तळहाताएवढ्या पेटीत आणतो.

इतिहास : ध्वनी साठवून थोड्या वेळाने ऐकविण्याची पहिली व्यवहार्य साधने चुंबकीय मुद्रणावर आधारलेली होती. व्हाल्डेमार पोल्सेन यांनी १८९८ मध्ये डेन्मार्कमध्ये पोलादी तारेवर ध्वनिमुद्रण करून दाखविले. पुढे चुंबकीय फीत प्रचारात आल्यावर मुद्रण करणारे शीर्ष आणि वाचणारे शीर्ष यांतील अंतर हाच विलंब म्हणून वापरण्यात आला. फीत सेकंदाला १९ सेंमी. वेगाने जात असेल व शीर्षांत ५·७ सेंमी. अंतर असेल, तर विलंब ३०० मिलिसेकंदांचा होतो. १९५० नंतरच्या दशकात अशी यंत्रे गिटारवादकांच्या हाती आली. इटलीतील बिन्सन कंपनीने फितीऐवजी फिरती चुंबकीय तबकडी वापरली, तर जपानच्या रोलँड कंपनीचे ‘स्पेस इको’ हे फितीचे यंत्र १९७४ मध्ये आले. या यंत्रांचा नाद आजही नावाजला जातो. परंतु फीत झिजते, शीर्षे मळतात, चलित्राचा वेग डळमळतो आणि यंत्राचे वजन काही किलोग्रॅम भरते. गावोगाव फिरणाऱ्या वाद्यवृंदाच्या दृष्टीने हे दोष लहान नव्हते.

नेदरलँड्समधील फिलिप्स कंपनीच्या संशोधन प्रयोगशाळेतील सँगस्टर व टेर यांनी १९६९ मध्ये एक अर्धसंवाहक प्रयुक्ती प्रसिद्ध केली आणि तिने या यंत्रातील सर्व हलते भाग काढून टाकले. तिला बादली-साखळी प्रयुक्ती म्हणता येईल. फिलिप्सच्या ५१२ टप्प्यांच्या चिपेनंतर जपानच्या मात्सुशिता कंपनीने १,०२४, २,०४८ व ४,०९६ टप्प्यांच्या चिपांची मालिका काढली. तीपैकी एमएन ३००५ ही ४,०९६ टप्प्यांची चिप विशेष प्रसिद्धी पावली. बॉस कंपनीची डीएम-१ (१९७८) व डीएम-२ (१९८१) ही पेडले या प्रयुक्तीवर आधारलेली होती. १९८० नंतरच्या दशकात अंकीय विलंबक स्वस्त झाले व त्यांनी बाजार व्यापला. तरीही सदृश पेडलांची मागणी संपली नाही. बॉसने २०१४ मध्ये डीएम-२ नव्या रूपात पुन्हा बाजारात आणले.

कार्यतत्त्व : आग विझविताना विहिरीपासून घरापर्यंत माणसांची रांग उभी राहते व पाण्याच्या बादल्या हातोहात पुढे जातात. प्रयुक्तीत माणसाच्या जागी ट्रँझिस्टर, बादलीच्या जागी धारित्र आणि पाण्याच्या जागी विद्युत् भार असतो. संकेताच्या त्या क्षणीच्या विद्युत् दाबाचा नमुना पहिल्या धारित्रात भाराच्या रूपाने घेतला जातो आणि बाहेरून येणाऱ्या नियमित स्पंदांच्या ठेक्यावर एकेक टप्पा पुढे ढकलला जातो. या स्पंदांच्या उगमाला तंत्रज्ञ ‘क्लॉक’ म्हणतात. स्पंदांच्या दोन मालिका एकमेकींच्या उलट चालतात. माणसाला एक बादली देताना दुसरी घेता येत नाही, तसेच भरलेल्या प्रत्येक धारित्रापुढचे धारित्र रिकामे असावे लागते. म्हणून ४,०९६ टप्प्यांत एका वेळी २,०४८ नमुनेच मावतात. यावरून पुढील सूत्र मिळते :

विलंब (सेकंद) = टप्प्यांची संख्या ÷ (२ × क्लॉकची कंप्रता)

४,०९६ टप्पे व १० किहर्ट्झ क्लॉक असता विलंब २०४·८ मिलिसेकंद येतो. क्लॉक १०० किहर्ट्झ केल्यास तो २०·४८ मिलिसेकंदांवर उतरतो. विलंब वाढवावयाचा, तर क्लॉक मंद करावा लागतो.

सदृश विलंबकाची सारी अडचण येथेच सुरू होते. संकेताचे नमुने ज्या कंप्रतेने घेतले जातात तिच्या निम्म्यापर्यंतचेच स्वर खरेपणाने पुढे जाऊ शकतात. त्यावरच्या कंप्रता नष्ट होत नाहीत, त्या खाली दुमडून वेगळ्याच, मूळ सुराशी नाते नसलेल्या स्वरांच्या रूपाने बाहेर पडतात. ३०० मिलिसेकंद विलंबासाठी क्लॉक सु. ६·८ किहर्ट्झ येतो. म्हणजे सैद्धांतिक मर्यादा ३·४ किहर्ट्झ आणि व्यवहारात हाती लागते ती सु. २·५ किहर्ट्झ. त्यातच मंद क्लॉकची शिटी स्वतःच श्राव्य पट्ट्यात येते. विलंबाचा प्रत्येक वाढीव मिलिसेकंद तारस्वरांच्या तेजातून वजा होतो. हा सौदा कोणत्याही मंडलाला टाळता येत नाही. तो कोठे करावयाचा एवढेच अभिकल्पकाच्या हाती असते.

सुदैवाने गिटार या सौद्यास अनुकूल वाद्य आहे. त्याच्या सर्वांत खर्जाच्या मोकळ्या तारेची कंप्रता सु. ८२ हर्ट्झ आणि बावीस पडद्यांच्या गिटारवरील सर्वांत उंच स्वराची सु. १,१७५ हर्ट्झ असते. त्यामुळे मूळ स्वर २·५ किहर्ट्झच्या आत सुखरूप राहतात. कापले जातात ते त्यांचे वरचे सहस्वर व नखीचा खणखणाट. परिणामी प्रतिध्वनी मूळ सुरापेक्षा मवाळ होतो व वादनाच्या मागे राहतो, त्यावर चढत नाही. तंत्राच्या दृष्टीने जी उणीव, तीमुळेच अनेक वादक या साधनाला धरून राहिले आहेत.

अभिकल्प : येथे ९ व्होल्ट घटमालेवर चालणारे, २० ते ३०० मिलिसेकंद विलंब देणारे मंडल गृहीत धरले आहे. एमएन ३००५ साठी १५ व्होल्ट लागतात, म्हणून ते सोडून ५ व्होल्टांवर चालणारी ४,०९६ टप्प्यांची एमएन ३२०५ किंवा तिची नवी प्रतिकृती व्ही ३२०५ घ्यावी व सोबत एमएन ३१०२ वा तत्सम क्लॉक-चिप वापरावी. टप्प्यांच्या दोन चिपा एकापुढे एक जोडल्यास त्याच विलंबासाठी क्लॉक दुप्पट वेगाने चालविता येतो व तारस्वर वाचतात. पण गोंगाट वाढतो, खर्च दुप्पट होतो आणि जुळवणी अवघड जाते. पहिल्याच बांधणीत हा मोह टाळलेला बरा.

संकेत प्रथम एका अलगीकारक विवर्धकात जातो. गिटारच्या ध्वनिग्राहकात बारीक तारेचे हजारो वेढे असतात. त्यावर विद्युत् भार पडला की तारस्वर तेथेच हरवतात. म्हणून प्रवेश संरोध १० लक्ष ओहमच्या आसपास ठेवतात. टीएल ०७२ सारखी दोन विवर्धकांची चिप यास पुरेशी असते.

त्यानंतरचा छानक हा मंडलाचा कणा होय. ठराविक कंप्रतेखालचेच स्वर पुढे जाऊ देणे हे त्याचे काम. एका विवर्धकाभोवती १० किलोओहमचे दोन रोधक आणि १० व ४·७ नॅनोफॅराडची दोन धारित्रे बसविली, तर सु. २·३ किहर्ट्झला उतरू लागणारे एक पद तयार होते. ६·८ किहर्ट्झच्या स्वराचा असे एक पद सु. साडेआठवा हिस्सा शिल्लक ठेवते, दोन पदे सु. चौऱ्याहत्तरावा. चिपेच्या आधी दोन पदे हवीत, कारण दुमडलेला स्वर एकदा आत शिरला की तो काढण्याचा उपाय नाही. चिपेच्या नंतरही दोन हवीत. तेथे त्यांचे काम नमुन्यांच्या पायऱ्या गुळगुळीत करणे व क्लॉकची शिटी दाबणे हे असते. हौशी बांधकाम करणारे नेमके येथे काटकसर करतात व मग चिप सदोष असल्याची तक्रार करतात. छानकातील धारित्रे पॉलिएस्टर प्रकारची घ्यावीत; साध्या चकती-धारित्रांचे मूल्य तापमानाबरोबर बरेच बदलते.

हजारो टप्पे ओलांडताना संकेतात सळसळ मिसळते. ती कमी करण्यासाठी चिपेच्या आधी संकोचक व नंतर विस्तारक वापरतात. एनई ५७१ या चिपेत ही दोन्ही कार्ये करणारे विभाग असतात. संकोचक संकेताची ६० डेसिबेलांची चढउतार ३० डेसिबेलांत बसवितो, त्यामुळे हलके सुरही सळसळीच्या वर राहतात. विस्तारक ती चढउतार पूर्ववत करतो आणि तसे करताना सुरांच्या मधली सळसळ खाली ढकलतो. दोहोंच्या कालस्थिरांकांत मेळ नसल्यास सूर विरताना श्वास घेतल्यासारखा आवाज येतो.

चिपेच्या प्रवेशाला पुरवठ्याच्या मध्याजवळचा स्थिर विद्युत् दाब द्यावा लागतो. तो प्रत्येक चिपेला किंचित वेगळा लागतो, म्हणून तेथे स्थिर रोधक न घालता प्रिसेट बसवावा. निर्गम शेवटच्या दोन टप्प्यांतून घेऊन दुसऱ्या प्रिसेटवर एकत्र करतात. दोहोंतील क्लॉकचे अंश परस्परविरुद्ध असल्याने योग्य जागी ते एकमेकांना बरेचसे खोडून काढतात. क्लॉकचा आवर्तकाल रोधक व धारित्र यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो. यामुळे विलंबाच्या बटणाखाली सरळ प्रमाणाचा पॉट वापरला की विलंबही बटणाबरोबर समप्रमाणात वाढतो. वादन चालू असताना हे बटण फिरविले, तर साखळीतील नमुने घेतले त्याहून वेगळ्या वेगाने बाहेर पडतात व सूर घसरतो. विलंब कमी करताना चढा, वाढविताना उतरा.

विलंबित संकेताचा काही अंश पुन्हा प्रवेशाकडे वळविला की प्रतिध्वनींची मालिका मिळते. फेरीचा गुणक ०·५ असेल, तर प्रत्येक प्रतिध्वनी आधीच्याच्या निम्मा होतो; गुणक १ च्या पुढे गेला की मालिका विरत नाही व मंडल स्वतःच गर्जू लागते. पाचवा प्रतिध्वनी छानकांतून पाच वेळा गेलेला असतो. ज्या स्वराचा एका फेरीत ७० टक्के अंश उरतो, त्याचा पाचव्या वेळी सु. १७ टक्केच उरतो. म्हणून सदृश विलंबकातील प्रतिध्वनी केवळ क्षीण होत नाहीत, ते उत्तरोत्तर गडदही होतात. मूळ व विलंबित संकेत शेवटी एका साध्या मिश्रकात एकत्र येतात.

बांधणी : पेटी धातूची हवी. कोल्हापूरच्या वादकास या बाबतीत मोठी सोय आहे : राजारामपुरीजवळच्या शिवाजी उद्यमनगरात तसेच शिरोली व गोकुळ शिरगाव येथील औद्योगिक वसाहतींत ओतकामाची व यंत्रकामाची परंपरा आहे, आणि ॲल्युमिनियमच्या ओतीव पेटीला भोके पाडून घेणे तेथील लहान कर्मशाळेस अवघड नाही. (बाबूराव पेंटर यांनी चलचित्राचा कॅमेरा याच शहरात स्वतः घडविला होता, हे येथे आठवते.) ॲल्युमिनियम विद्युत् क्षेत्रापासून संरक्षण देते, परंतु रोहित्राच्या ५० हर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्राला ते फारसे अडवीत नाही, म्हणून पेडल विवर्धकाच्या रोहित्राजवळ ठेवू नये. मंडलाची भूजोडणी पेटीला एकाच जागी, प्रवेशाच्या जॅकपाशी करावी. क्लॉकच्या तारा आणि प्रवेशाची तार यांत शक्य तेवढे अंतर राखावे.

तांब्याच्या पत्र्याच्या पट्टीवर मार्ग रेखून उरलेले तांबे फेरिक क्लोराइडात विरघळविण्याची रीत सर्वपरिचित आहे. डाख देऊन झाल्यावर पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहॉलाने धुणे मात्र कोल्हापुरात ऐच्छिक समजू नये. पावसाळ्याच्या महिन्यांत हवेतील बाष्प डाखाच्या अभिवाहात शोषले जाते व १० लक्ष ओहमच्या प्रवेशाशी नको त्या वाटा तयार होतात. उन्हाळ्यात नीट चाललेले पेडल जुलैत चरचरू लागले, तर प्रथम याच कारणाचा शोध घ्यावा. कोरड्या हिवाळ्यात धोका उलट असतो : टप्प्यांची चिप स्थिर विद्युतेने निकामी होऊ शकते. ती बैठकीत बसवावी, थेट डाखू नये, आणि हाताळण्यापूर्वी भूजोडणी असलेल्या धातूला स्पर्श करावा.

गिटार-पेडलांच्या बहुतेक पुरवठा-साधनांत खुंटीचा मध्य ऋण असतो, घरगुती उपकरणांच्या पुष्कळ साधनांत तो धन असतो. मंचामागच्या अंधारात चुकीचे साधन जोडले जाणे ही या पेडलांच्या अकाली अंताची नेहमीची तऱ्हा होय. एक साधा डायोड मंडल वाचवितो. मंडल सु. १५ मिलिअँपिअर प्रवाह घेत असेल, तर ९ व्होल्टांची अल्कली घटमाला तीसेक तास पुरते.

चाचणी : चिपा बसविण्यापूर्वी पुरवठा मोजावा. ५ व्होल्टांऐवजी ९ आढळले, तर नियंत्रकाची जोडणी चुकलेली असते आणि तेवढ्यावरच नुकसान टळते. नंतर क्लॉक-चिप बसवावी. दोलनदर्शक नसला तरी अडत नाही : तिच्या दोन्ही निर्गमांवर बहुमापकाने एकदिश दाब सु. २·५ व्होल्ट दिसला, तर स्पंद चालू आहेत असे समजावे, कारण ते अर्धा वेळ वर व अर्धा वेळ खाली असतात. ० किंवा ५ व्होल्ट दिसल्यास क्लॉक थांबलेला असतो. त्यानंतर टप्प्यांची चिप बसवून, विलंब मध्यावर ठेवून, पहिला प्रिसेट सावकाश फिरवावा. एका टोकाकडे काहीच ऐकू येत नाही, मग फाटका आवाज येतो, मग स्वच्छ, मग पुन्हा फाटका. स्वच्छ पट्ट्याचा मध्य ही योग्य जागा. दुसरा प्रिसेट विलंब सर्वाधिक ठेवून शिटी सर्वांत कमी होईल तेथे ठेवावा.

मात्सुशिताने या मालिकेचे उत्पादन थांबविल्यानंतर तिच्या जुन्या चिपा दुर्मिळ झाल्या व नावे बदलून छापलेल्या चिपा बाजारात आल्या. अशा चिपेची पारख छापील अक्षरांवरून होत नाही. क्लॉक मोजून वरील सूत्राने विलंब काढावा. ४,०९६ टप्प्यांची म्हणून घेतलेली चिप १० किहर्ट्झला पन्नासएक मिलिसेकंदच देत असेल, तर ती १,०२४ टप्प्यांची आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत ‘इको’ म्हणून मिळणाऱ्या स्वस्त पट्ट्यांत बहुधा पीटी २३९९ ही चिप असते. तिच्या मवाळ आवाजामुळे तिला पुष्कळदा सदृश म्हणून विकले जाते. वस्तुतः ती अंकीय आहे व कराओके यंत्रांसाठी बनविलेली आहे. शिकण्यासाठी ती वाईट नाही, परंतु तिच्यात बादल्यांची साखळी नाही.

वादनातील उपयोग : विलंब लयीशी जुळविणे आवश्यक असते. मिनिटाला २०० मात्रांच्या द्रुत लयीत एक मात्रा ३०० मिलिसेकंदांची होते. विलंब तेवढाच ठेवला, तर प्रत्येक प्रतिध्वनी मात्रेवर पडतो. १०० मात्रांच्या लयीत तोच प्रतिध्वनी दोन मात्रांच्या बरोबर मध्ये येतो. हवाईयन गिटारवर चित्रपटगीतांच्या सुरावटी वाजविण्याची प्रथा व्हान शिप्ले, हजारासिंग इत्यादींनी लोकप्रिय केली. अशा वादनात दोन-तीन क्षीण प्रतिध्वनी सुराला लांबी देतात. रागवादनात मात्र बेताने वापर करावा लागतो. मागचा स्वर पुढच्या स्वरावर येऊन पडतो. षड्‌जावर कोमल ऋषभाची सावली पडली, तर ती तानपुऱ्याच्या गुंजारवासारखी राहत नाही, बेसूर वाटते. मींडेत तर प्रत्येक प्रतिध्वनी तीच मींड मागाहून काढीत असतो व दोन सरकते सूर एकमेकांना छेदतात. अशा वेळी फेरीचा गुणक शून्यावर आणून एकच प्रतिध्वनी ठेवणे, किंवा विलंब ३० मिलिसेकंदांच्या खाली आणून केवळ सुराचा भरीवपणा घेणे, हे वादक पसंत करतात. या लहान विलंबात क्लॉक ६८ किहर्ट्झच्या वर असतो. तेथे चिप पुष्कळ अधिक तारस्वर पुढे नेऊ शकते, परंतु ३०० मिलिसेकंदांसाठी बसविलेले छानक त्यांना आधीच अडवितात. केवळ लहान विलंबासाठी पेडल बांधावयाचे असल्यास १,०२४ टप्प्यांची चिप घ्यावी व छानकांतील धारित्रांची मूल्ये एक-तृतीयांश करावीत. मग छानक सु. ७ किहर्ट्झला उतरू लागतो.